अणू, जौहर आणि जरा

वाचकहो, आपल्या घरात दिवसातून पन्नास वेळा कानी पडणारा 'जरा' हा शब्द घ्या. 'जरा थांब', 'जरा मीठ दे', 'जरा इकडे ये'. मराठी बोला, उर्दू बोला की आपल्या मराठवाड्याची दखनी बोला, हा शब्द तिन्हींकडे आहे. त्याचे मूळ अरबीतील 'जर्रा' या शब्दात आहे. जर्रा म्हणजे अगदी बारीक कण. कवाडाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तसा. आजच्या अरबी पाठ्यपुस्तकांत अणूला हाच शब्द वापरतात. म्हणजे आई मुलाला 'जरा थांब' म्हणते, तेव्हा शब्दाच्या मुळाशी गेले तर ती 'अणूभर थांब' असेच म्हणत असते. मूल तेवढेही थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे सांगण्याचे कारण असे की आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग' हा पाठ येतो आणि त्याच पुस्तकात पुढे 'रासायनिक बदल व रासायनिक बंध' हा पाठ येतो. या दोन पाठांपाशी आपली कितीतरी मुले अडखळतात. सातवीपर्यंत पाणी, हवा, चुंबक अशा हाताला लागणाऱ्या वस्तू असतात. आठवीत एकदम जे दिसत नाही त्याची आकृती काढा म्हणतात. पालक येऊन सांगतात, 'सर, त्याला सायन्स झेपत नाही, दहावीनंतर आर्ट्सला घालू.' प्रस्तुत लेखक बी.ए. बी.एड. असून शाळेत इतिहास व भाषा शिकवतो. रसायनशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. परंतु इतिहास शिकवणाऱ्याला एक गोष्ट दिसते ती अशी की मूल जिथे अडखळते तिथे पुष्कळदा रसायन नसतेच, शब्द असतो. आणि हे शब्द आपल्या भागात कसे आले, याचा इतिहास फार दूरचा नाही. त्यातला बराचसा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, घडलेला आहे.

प्रथम जुन्या शब्दांकडे पाहू. आपल्या देशात कणाद ऋषींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैशेषिक दर्शनात परमाणूची कल्पना आहे. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजे उन्हाच्या कवडशात दिसणारा धुळीचा कण, असे त्या शास्त्राचे म्हणणे. त्या कणाला त्रसरेणू असेही म्हणत. रेणू म्हणजे धूळ. पाहा, अरबीतला जर्रा आणि संस्कृतातला रेणू दोघेही त्याच कवडशात सापडतात! ग्रीसमध्ये डिमॉक्रिटसने 'जे कापता येत नाही ते' अशा अर्थाने ॲटम हा शब्द वापरला. पुढे नवव्या-दहाव्या शतकात बसरा आणि बगदाद येथील इल्मे कलामच्या विद्वानांनी 'जौहर-ए-फर्द' या नावाने अविभाज्य कणाचा पुरस्कार केला, तर इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञाने तो खोडून काढला. हा वाद शतकानुशतके चालला. जौहर हा शब्द मुळात फारसी 'गौहर', म्हणजे रत्न. मराठीतले जवाहीर आणि जवाहिऱ्या त्याच घरातले. राजपुतान्यातला जौहार वेगळा, त्याची येथे गल्लत करू नये.

हे सर्व मोठेपणाचे आहे, तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्या पूर्वजांनी सर्व काही आधीच शोधले होते असे भाषणांत सांगण्याची एक पद्धत पडली आहे. ती बरोबर नाही. कणाद असोत, डिमॉक्रिटस असो की बगदादचे विद्वान असोत, त्यांचा अणू हा विचाराचा अणू होता. तो कोणी तोलला नव्हता. किमयागारांनी मात्र तराजू, भट्टी आणि ऊर्ध्वपातनाची भांडी हाताळली. 'किमया' हा आपला मराठी शब्द अरबी 'कीमिया'वरून आला आणि युरोपातल्या केमिस्ट्रीचे नावही त्याच शब्दावरून पडले. परंतु किमयागारांच्या हाती तराजू होता आणि तत्त्वज्ञांच्या डोक्यात अणू होता. दोहोंची गाठ पडायला १८०३ साल उजाडावे लागले.

ती गाठ घालून देणारा माणूस एक शाळामास्तर होता. जॉन डाल्टन हा इंग्लंडच्या उत्तरेकडील ईगल्सफील्ड या खेड्यातल्या विणकराचा मुलगा. जन्म १७६६ चा. त्याचे कुटुंब क्वेकर या लहानशा ख्रिस्ती पंथाचे. त्या काळी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोनच विद्यापीठे, आणि राज्याच्या अधिकृत चर्चला न मानणाऱ्यांना त्यांतून पदवी मिळत नसे. म्हणून अशा पंथांनी आपापल्या शाळा आणि अकादम्या काढल्या. डाल्टन बाराव्या वर्षीच गावात मुलांना शिकवू लागला, पंधराव्या वर्षी भावासोबत केंडल येथील क्वेकरांच्या शाळेत शिक्षक झाला आणि १७९३ मध्ये मँचेस्टरच्या अशाच एका अकादमीत गणित शिकवायला गेला. वाचकहो, शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत हा तपशील वाचताना आपल्या मनात काय येईल ते वेगळे सांगायला नको. ज्यांना मोठ्या दारातून आत घेतले नाही त्यांनी वर्गणी काढून चालवलेल्या शाळांतून हा मनुष्य तयार झाला.

डाल्टनला नाद होता पाऊस-पाण्याचा. १७८७ पासून १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सत्तावन्न वर्षे त्याने रोज हवामानाची नोंद ठेवली. हवेत पाण्याची वाफ कशी राहते या विचारातून तो वायूंकडे वळला आणि वायूंतून अणूकडे. त्याला दिसले ते असे. १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजन जुळला की एक वायू होतो, ३२ ग्रॅम जुळला की दुसरा. एकास दुप्पट. मधले २० नाही, २५ नाही. बाजारात ज्वारी दीड किलो मिळते, शेळी मात्र दीड मिळत नाही. एक घ्या नाहीतर दोन घ्या. ज्या वस्तूचा हिशेब असा पूर्णांकात येतो ती वस्तू सुट्या नगांची बनलेली असली पाहिजे. हा विचार इतका सरळ आहे की सातवीच्या मुलाला पाच मिनिटांत पटतो. पुस्तकात मात्र 'गुणित प्रमाणाचा नियम' असे नाव आले की तोच मुलगा भिंतीला टेकतो.

१८०८ साली डाल्टनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याचा एक कण म्हणजे हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असे दिले आहे आणि ऑक्सिजनचे वजन हायड्रोजनच्या सातपट धरले आहे. दोन्ही चूक. १८११ मध्ये इटलीच्या ॲव्होगाड्रोने वाट दाखवली. ती कोणी मनावर घेतली नाही. १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेथे कॅनिझारो याने तोच मुद्दा पुन्हा मांडला, तेव्हा कुठे पाण्याचे सूत्र आणि अणूंची वजने ठिकाणावर आली. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या विद्वानांना पाण्याचे सूत्र नीट लागायला पन्नास वर्षे लागली. आपल्या मुलाला ते एका तासात समजले नाही तर त्याला 'ढ' म्हणण्याची घाई करू नये. त्या परिषदेला मेंडेलीव्ह नावाचा तरुण रशियन हजर होता. १८६९ साली त्याने आवर्त सारणी मांडली.

पुढचा भाग झटपट सांगतो, कारण तो सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला आणि न कापता येणारा अणू कापला गेला. १९०९ मध्ये रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. मिठाईवर लावतात तसा वर्खच म्हणा, पण सोन्याचा. बहुतेक कण आरपार गेले, हजारोंतला एखादा उलटून आला. त्यावरून १९११ मध्ये रदरफर्ड यांनी सांगितले की अणू जवळजवळ पोकळ आहे आणि मध्यभागी इवलेसे अणुकेंद्रक आहे. किती इवलेसे? अणूच्या मानाने दहा हजार ते लाख पटीने लहान. ज्वारीचा दाणा मधे ठेवा आणि अणूची कड चाळीस मीटरपासून चारशे मीटरपर्यंत कोठे तरी आहे असे समजा, मूलद्रव्यानुसार कमीअधिक. १९१३ मध्ये बोर यांनी इलेक्ट्रॉनांना ठरावीक कक्षा दिल्या. त्याच साली मोझ्ली याने क्ष-किरणांच्या साह्याने अणुअंक पक्के करण्याचा मार्ग शोधला. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो मारला गेला. १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. गंमत अशी की डाल्टनचे मँचेस्टर आणि रदरफर्ड यांचे मँचेस्टर एकच. आपल्या कापसाच्या पट्ट्यात हे नाव कापडामुळे परिचयाचे होते. अणूचेही ते माहेर आहे.

आता बंध. येथे थोडे थांबावे लागेल.

एक अणू दुसऱ्या किती अणूंशी जुळू शकतो, या संख्येला मराठीत संयुजा म्हणतात. मुलाला हा शब्द परका वाटतो. पण संस्कृत 'युज्' म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलांच्या मानेवरचे 'जू' त्याच मुळापासून आले. शेतकऱ्याच्या मुलाला जू काय ते सांगावे लागत नाही. संयुजा म्हणजे या अणूला किती जणांबरोबर जुंपता येते तो आकडा. उर्दूत याच कल्पनेला 'गिरफ्त' म्हणतात. गिरफ्त म्हणजे पकड. इंग्रजीतील व्हॅलन्सी हा शब्द ताकद या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. एका भाषेने ताकद पाहिली, दुसरीने पकड, तिसरीने जू. माझे वैयक्तिक मत विचाराल तर गिरफ्त हा शब्द तिघांत सरस आहे. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. जितके हात तितकी पकड. मुलाला आकृतीसकट समजते.

पण ही पकड कशाची, हे १९१६ पर्यंत कोणाला नीट सांगता आले नव्हते. ते सांगितले गिल्बर्ट लुईस या अमेरिकन प्राध्यापकाने. १९०२ साली नवशिक्या विद्यार्थ्यांना संयुजा समजावताना त्याने अणूचा एक ठोकळा काढला आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. ही कल्पना त्याने चौदा वर्षे जवळ बाळगली आणि १९१६ मध्ये 'दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी म्हणजे बंध' असा सिद्धांत प्रसिद्ध केला. फळ्यावर आपण खडूने ठिपके काढतो ते त्याचेच. त्याच वर्षी जर्मनीत कोसेल याने इलेक्ट्रॉन देण्याघेण्याने होणाऱ्या बंधाची उपपत्ती मांडली. लुईसचे नाव नोबेल पारितोषिकासाठी एक्केचाळीस वेळा सुचवले गेले आणि ते त्याला कधीही मिळाले नाही. असो.

देण्याघेण्याचा बंध आपल्या स्वयंपाकघरात आहे. सोडिअम हा मऊ धातू, पाण्यात पडला की पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने तो शत्रूवर सोडला. सोडिअमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ आणि क्लोरीनची २, ८, ७. सोडिअमने शेवटच्या कवचातला एक दिला, क्लोरीनने घेतला, एक धनप्रभारित झाला, दुसरा ऋणप्रभारित, आणि दोघे एकमेकांना चिकटले. झाले मीठ. एक पेट घेणारा, एक जीव घेणारा, आणि दोघांच्या जोडीशिवाय वरणाला चव नाही.

वाटून घेण्याचा बंध आपल्या शेतात आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. पिकाला नायट्रोजन हवा. मग कपाशी हवेतून तो का ओढून घेत नाही? कारण हवेतला नायट्रोजन जोडीने राहतो आणि ती जोडी इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्यांनी बांधलेली असते. हा तिहेरी बंध अतिशय बळकट. कपाशीच्या मुळाला तो सुटत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू मात्र तो सोडवतात. म्हणून आपले वाडवडील कडधान्यांची फेरपालट करीत आले. कारखान्यात हे काम फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत साधले आणि १९१३ पासून जर्मनीत ते मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. चारशे-पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब दिला, लोहाचे उत्प्रेरक वापरले, की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. आज कृषी केंद्रातून आपण ४५ किलोची युरियाची गोणी आणतो, तिच्यात ४६ टक्के म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो नायट्रोजन असतो. त्यासाठी जे मोल द्यायचे त्यात बराच वाटा हा तिहेरी बंध तोडण्याचा. हाबरला १९१८ चे नोबेल मिळाले. ईप्रच्या क्लोरीनमागेही हाच हाबर होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

शिकवताना एक खबरदारी घ्यावी लागते. बंध या शब्दावरून मुलांना दोरी आठवते आणि प्लास्टिकच्या प्रतिकृतीतली काडी पाहून ती समजूत पक्की होते. दोरी नसते, काडी नसते. तसेच अणूला आठ इलेक्ट्रॉन 'हवे असतात' असे आपण बोलतो. अणूला इच्छा नसते. ओढ्याचे पाणी सखल जागेकडे जाते तसे अणू कमी ऊर्जेच्या स्थितीत जाऊन बसतात. जुळताना ऊर्जा बाहेर पडते, तोडायला ऊर्जा द्यावी लागते. पुष्कळ मुले नेमके उलटे लिहितात. आणि आठाचा नियम हा सोयीचा नियम आहे, अटळ नव्हे. झेनॉन कोणाशीही जुळत नाही असे पुस्तकांत छापलेले असताना १९६२ मध्ये नील बार्टलेट याने त्याचे संयुग बनवून दाखवले. त्यानंतर पुस्तके बदलली.

आता आपल्या भागाकडे येऊ. १९१६ मध्ये लुईसने बंधाचा अर्थ सांगितला त्या वेळी मंठा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते. पुढल्याच वर्षी, १९१७ मध्ये, सर अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनी उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान काढले. पदवीपर्यंतचे शिक्षण, त्यात विज्ञानही, उर्दूतून देण्याचा हा बेत. सबंध हिंदुस्थानात तोपर्यंत अशा पद्धतीने एकाही आधुनिक विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण दिले नव्हते. पण पुस्तके कोठे होती? म्हणून विद्यापीठाच्याही आधी 'दारुत्तर्जुमा', म्हणजे भाषांतर विभाग, सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. हे गृहस्थ त्याआधी औरंगाबादेत शिक्षण खात्यात अधिकारी होते, आणि त्यांनी चालवलेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय १९३८ मध्ये दिल्लीला हलेपर्यंत औरंगाबादेतच होते. पुढे ते औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्यही झाले. १९२८ पासून अंजुमनने औरंगाबादेतून 'साइंस' नावाचे उर्दू त्रैमासिक चालवले. आज आपल्या मुलांना विज्ञान म्हणजे पुणे-मुंबईची मिरास वाटते. शंभर वर्षांपूर्वी येथून दोन-तीन तासांच्या वाटेवर विज्ञानाचे नियतकालिक निघत होते.

परिभाषा कशी करावी यावर तेव्हा मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे, सर्व शब्द अरबीतून बनवा. दुसरा म्हणे, इंग्रजी शब्द तसेच ठेवा. पानिपतचे मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये 'वज-ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ लिहून तिसरी बाजू मांडली. उर्दूची घडण हिंदी घराण्याची आहे, तेव्हा हिंदी, फारसी, अरबी जिथला धातू सोयीचा पडेल तिथला घ्यावा आणि भाषेच्या स्वभावाप्रमाणे शब्द घडवावा. या खटाटोपातून अणूला जौहर, रेणूला सालमा, मूलद्रव्याला उन्सर, संयुगाला मुरक्कब, अणुकेंद्रकाला मरकजा हे शब्द रुळले. इलेक्ट्रॉनला बर्किया म्हणत. बर्क म्हणजे वीज. आज उर्दू पुस्तकांतही इलेक्ट्रॉनच म्हणतात. इलेक्ट्रॉन हा मुळात राळेसारख्या अंबर या खड्याचा ग्रीक शब्द. लोकरीवर घासला की हा खडा गवताची काडी ओढतो, म्हणून फारसीत त्याला कहरुबा म्हणतात, म्हणजे काडी पळवणारा. अरबीत विजेचे नावच कहरुबावरून पडले. ग्रीक आणि अरब एकाच खड्याकडे पाहून विजेला नाव देऊन गेले.

देशी भाषेतून शिकलेला मुलगा पुढे टिकत नाही असे जे म्हटले जाते, त्याला उस्मानियाचे उत्तर म्हणजे रजीउद्दीन सिद्दीकी. पदवीपर्यंत उर्दूतून गणित शिकलेला हा तरुण केंब्रिजला गेला, आणि अणूचे नवे गणित मांडणारे हायझेनबर्ग जेथे शिकवीत त्या जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन हैदराबादला परतला. पुढे तो उस्मानियाचा कुलगुरू झाला आणि नंतर पाकिस्तानात गेला. जर्मनीत गेल्यावर त्याला जौहरचे 'आटोम' करावे लागले असेल, एवढेच.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. मातृभाषेतून शिकल्याने बुद्धी खुलते हे उस्मानियाचे तत्त्व खरे, पण मराठवाड्यातल्या मराठी मुलाला ते लागू झाले नाही. त्याच्यासाठी उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकावी लागणारी भाषा होती. तेलंगणातल्या मुलाचेही तेच. आपल्या समाजातील काही मंडळी उस्मानियाचा नुसता गौरव करतात आणि काही मराठी लेखक तिच्याकडे नुसती जुलमाची खूण म्हणून पाहतात. इतिहासाच्या शिक्षकाला दोन्ही वह्या तपासाव्या लागतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानचे राज्य संपले. उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली आणि शेकडो भाषांतरित ग्रंथ कपाटात गेले. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत विद्यापीठ झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मराठीतील परिभाषेचे काम पूर्वीपासून चालू होते; एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनावर मराठीत पुस्तके लिहिली होती. राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले आणि १९६७ पासून बालभारतीने पाठ्यपुस्तके काढायला सुरुवात केली, मराठी आणि उर्दू दोन्हींत. म्हणजे आपल्याकडे आजोबा जौहर शिकले, वडील अणू शिकले आणि नातू ॲटम शिकतो. एकाच घरात तीन पिढ्या बसल्या असताना नातवाचा अभ्यास कोणालाच घेता येत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

त्यात हिंदीने भर घातली. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मुंबईत अणुशक्तीनगर आहे, आणि ज्या सरकारी खात्याच्या लोकांसाठी ते वसले त्या खात्याचे हिंदी नाव परमाणु ऊर्जा विभाग. मोबाईलवर हिंदीतून रसायनाचे धडे पाहणारा मराठी माध्यमाचा मुलगा 'अणु' ऐकतो आणि आपला अणू समजतो. तिकडे मास्तर रेणूविषयी बोलत असतो. अशा मुलाला दोन चपराका देऊन उपयोग नाही. त्याने ऐकलेले बरोबर, शिकलेलेही बरोबर, फक्त भाषा दोन.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, एक सोपा उपाय सुचवतो. आठवीत गेलेल्या प्रत्येक मुलाला वीस रुपयांची एक लांब वही घेऊन द्या आणि पानावर उभ्या तीन रेघा मारून चार रकाने करा. पहिल्यात मराठी, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात इंग्रजी आणि चौथ्यात त्या शब्दाचा घरगुती अर्थ. मूलद्रव्य, उन्सर, एलिमेंट. संयुग, मुरक्कब, कंपाउंड. संयुजा, गिरफ्त, व्हॅलन्सी. चौथ्या रकान्यात 'पकड, जू'. अणुकेंद्रक, मरकजा, न्यूक्लिअस. चौथ्यात 'ज्वारीचा दाणा'. दहावीपर्यंत दीडशे-दोनशे शब्द जमतात. अकरावीला माध्यम बदलले तरी ही वही सोबत जाते. उर्दूचा रकाना भरायला घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा. ज्या नानांना अभ्यासाच्या खोलीत कोणी विचारत नाही, त्यांना त्या रकान्यापुरते तरी विचारावे लागेल.

वही करताना एखादा शब्द असा सापडतो की तिन्ही रकाने एकच बोलतात. एकाच मूलद्रव्याचे, अणुअंक सारखा पण वस्तुमान वेगळे असलेले अणू असतात. आवर्त सारणीत त्यांना वेगळे घर मिळत नाही, सर्वांना एकाच घरात राहावे लागते. त्यांना १९१३ साली फ्रेडरिक सॉडी याने ग्रीकवरून आयसोटोप हे नाव दिले, म्हणजे 'तीच जागा'. मराठीत समस्थानिक. उर्दूत हम-जा, हम म्हणजे सारखे, जा म्हणजे जागा. आणि 'जागा' हा आपला रोजचा मराठी शब्दही त्याच फारसी 'जा'पाशी जाऊन पोहोचतो. चौथ्या रकान्यात काय लिहायचे ते मुलांनीच ठरवावे.